घोडकाठची पांढर

प्रत्येक गावाला एक काळी असते आणि एक पांढरी. काळी पिकवायची, पांढरीवर नांदायचे. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या इनामगावी घोड नदीच्या काठावर जी जुनी पांढर आहे, तिथे इसवी सनापूर्वी १६०० च्या सुमारास माणसे नांदू लागली आणि ७०० च्या सुमारास उठून गेली. नऊशे वर्षांचा संसार! डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर, डॉ. अन्सारी या मंडळींनी १९६८ ते १९८३ या काळात तो थराथराने उलगडला. शंभराहून अधिक घरे निघाली.

राजवाडा नाही, मोहरांचा हंडा नाही. निघाल्या त्या चुली, धान्याची पेवे, जळके जव, बोरे-जांभळांच्या बिया. नदीचे पाणी शेताला देण्यासाठी काढलेला पाटसुद्धा!

मी थबकलो तो घरातल्या जमिनीपाशी. लहान मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात निजवायचे आणि घरातच पुरायचे. मोठ्यांनाही तिथेच, पण घोट्याखालची पावले तोडून. गेलेल्याने घर सोडून जाऊ नये म्हणून, असा एक तर्क. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या रांजणात मांडी घालून बसवलेला पुरुष मिळाला. त्याची पावले शाबूत होती. मानपान तेव्हाही होता म्हणायचा!

गावाकडच्या एका म्हातारीला हे सांगितले. ती दचकेल असे वाटले होते. ती म्हणाली, "लेकराला कोन जाळतंय बाबा? आमीबी पुरतोच की. त्यांनी जरा जवळ ठिवलं, येवढंच."

इसवी सनापूर्वी १००० नंतर पाऊस हटला, असे ढवळीकरांचे मत. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, शिकारीवरची भिस्त वाढली. तरी माणसांनी तीनशे वर्षे नदी सोडली नाही. दुष्काळात गुरे घेऊन गाव सोडणारा शेतकरी आपल्याला काय नवा आहे?

पांढरीची माती खताला चांगली, म्हणून ती गाडीने, आता ट्रॅक्टरने, शेतात नेऊन टाकण्याची चाल आपल्याकडे गावोगाव आहे. शेतकऱ्याला बोल कसा लावावा? ती कसदार झाली तीच मुळी त्या संसारांच्या राखेने आणि शेणाने. पण खेपेबरोबर चूल जाते, जमिनीखाली निजवलेली मडकी जातात. आणि थर एकदा विस्कटले की कुठले खापर कुठल्या घरातले, हे डेक्कन कॉलेजलाही सांगता येत नाही.