ओळीशिवाय फोटो आत नाही

पुण्यातल्या एका दैनिकानं सगळे फोटो एकाच सर्व्हरवर आणलेत, बघून ये, असं संपादकांनी सुचवलं. निगेटिव्हची पाकिटं, मग सीडी, मग ज्याच्या-त्याच्या संगणकातले फोल्डर, असा प्रवास करून फोटो इथे पोचले. मला गुंतवून ठेवलं ते त्यांच्या यादीनं, आणि ती सांभाळणाऱ्या ताईंनी.

फोटो सर्व्हरवर ठेवणं सोपं. यादी वाटून घेणं कठीण. २००७ साली आलेल्या लाइटरूम या फोटो-सॉफ्टवेअरची यादी, म्हणजे कॅटलॉग, ही मुळात एसक्यूलाइट डेटाबेसची एक फाइल. कुठला फोटो कुठे, त्यावर काय दुरुस्त्या केल्या, बहुतेक सारं तिच्यात. ही फाइल नेटवर्कवरून उघडायला लाइटरूम साफ नकार देतं. एक जण लिहीत असताना दुसऱ्याला थोपवणारं कुलूप नेटवर्कवर भरवशाचं नसतं. दोघांनी एकदम लिहिलं तर अख्खी यादी नासू शकते. हा हट्ट मला शहाणपणाचा वाटला.

म्हणून ताई फोटोओळ फोटोच्या पोटातच लिहायला लावतात. वृत्तसंस्थांच्या आयपीटीसी या संघटनेनं रूढ केलेले रकाने जेपीईजीतच मावतात: कोण, कुठे, कधी, कुणी टिपलं. नुसतं ‘विसर्जन’ त्यांना चालत नाही. मंडळ कुठलं, लक्ष्मी रोड की टिळक रोड, ते हवं. फाइलच्या नावात तारीख आणि छायाचित्रकाराची आद्याक्षरंही हवीत, कारण कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात आणि नवा फोटो जुन्यावर बसू शकतो.

तरी धोके आहेतच. कॅमेऱ्यातून येणाऱ्या कच्च्या, म्हणजे रॉ फाइलची ओळ बहुधा शेजारच्या एक्सएमपी फाइलीत राहते. फोटो हलवताना ती मागे राहिली की ताटातूट. अनेक डिस्क एकत्र जोडणाऱ्या रेडमुळे एक डिस्क गेली तरी काम चालतं, पण चुकून पुसलेला फोटो सगळ्याच डिस्कवरून पुसला जातो. त्यासाठी तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी लोकप्रिय केलेला नियम ताई पाळतात.

सर्वांत मोठी काळजी स्कॅन केलेल्या जुन्या, बिनओळीच्या फोटोंची. त्यांतली माणसं ओळखणारे छायाचित्रकार निवृत्त झालेत, थकत चाललेत. डिस्कसाठी पैसे मंजूर होतात. या मंडळींना मानधन देऊन ताईंशेजारी बसवायला होत नाहीत. डिस्क पुढच्या वर्षीही मिळेल. ही माणसं आधी बोलवा.