रमलेली मुलं आणि शिकलेली मुलं

३.१३ टक्के. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत २०१७-१८ साली शेवटपर्यंत टिकलेल्यांचं हे प्रमाण. त्याच्या तीन वर्षं आधी ते जवळपास ६ टक्के होतं. नाव नोंदवणाऱ्यांपैकी ५२ टक्के लोकांनी तर अभ्यासक्रम उघडूनही पाहिला नाही. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत मात्र ४६ टक्क्यांनी तो पुरा केला. खिशाला चाट बसली की चिकाटी येते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

एवढी गळती पाहिली की आभासी जगाची कल्पना मोहात पाडते. व्याख्यानाचा व्हिडिओ दाखवण्याऐवजी विद्यार्थ्याला त्रिमितीय गावात सोडायचं, त्याला एक अवतार द्यायचा, मित्रही तिथंच भेटतील. मग तो कशाला उठून जाईल? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये एक अभ्यासक्रम बराचसा असाच, डोळ्यांवर व्हीआर म्हणजे आभासी वास्तवाचा हेडसेट घालून घेतला. विद्यार्थी २६३, आभासी जगात सगळ्यांनी मिळून घालवलेली मिनिटं २ लाखांहून अधिक. म्हणजे माणशी साडेबारा तासांच्या वर. आकडा घसघशीत आहे, पण तो हजेरीचा आहे. डोक्यात काय उतरलं, हे त्यावरून कळत नाही.

ते मोजणारे प्रयोगही झाले आहेत, आणि तिथं या कल्पनेची पंचाईत होते. डेन्मार्कमधले गिडो मक्रान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ विद्यापीठीय विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेचा एकच आभासी पाठ दिला, कधी साध्या पडद्यावर तर कधी हेडसेटमधून. हेडसेटमध्ये ‘आपण खरंच तिथं आहोत’ ही भावना वाढली, शिकणं मात्र कमी झालं. मेंदूवरचा ताण ईईजीने तपासला, तर तोही हेडसेटमध्येच जास्त. कॅलिफोर्नियात जोसेलिन पॅरंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये आणखी रोखठोक तुलना छापली : रक्तप्रवाहातून पेशीत नेणारी आभासी सफर एका गटाला, आणि तोच मजकूर पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर दुसऱ्या गटाला. गोडी जास्त लागली सफरवाल्यांना, गुण जास्त पडले स्लाइडवाल्यांना!

आभासी जगाच्या जाहिराती या निष्कर्षांच्या अर्ध्याच भागावर उभ्या असतात. गोडीचा आलेख दाखवतात, गुणांचा झाकून ठेवतात. पण मेयर यांच्याच पुढच्या प्रयोगातली गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. सफर तुकड्यातुकड्यांनी दाखवली आणि प्रत्येक तुकड्यानंतर ‘आता काय पाहिलं ते थोडक्यात लिहा’ असं सांगितलं, तेव्हा गुण वाढले आणि गोडीही घटली नाही.

पाहण्याच्या जोडीला काम हवं, हे मर्म ओळखून बांधलेलं एक जुनं जग आहे. ख्रिस डीड यांच्या गटाने हार्वर्डमध्ये उभं केलेलं ‘रिव्हर सिटी’. साध्या संगणकावर चालणारं, आजच्या मानाने अगदी ओबडधोबड. एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन शहरात साथ पसरली आहे. माध्यमिक शाळेतली मुलं गटागटाने तिथं उतरतात, गावकऱ्यांशी बोलतात, इस्पितळातल्या नोंदी चाळतात. ठिकठिकाणचं पाणी घेऊन आभासी सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणू मोजतात. रोग पाण्यातून आला, हवेतून की कीटकांमुळे, याचा तर्क बांधतात, तो पडताळतात आणि शेवटी महापौरांना पत्र लिहून कारण कळवतात. इथं देखाव्यापेक्षा काम मोठं आहे. मूल नुसतं फिरून आलं तर पत्रात लिहिणार काय?

खर्चाचा हिशेब वेगळाच आहे. २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘सेकंड लाइफ’ या आभासी जगात अनेक विद्यापीठांनी बेटं घेतली. एक बेट २५६ मीटर बाय २५६ मीटर, म्हणजे सुमारे १६ एकर. भाडं तेव्हा महिना २९५ डॉलर होतं, शिक्षणसंस्थांना निम्मं. जानेवारी २०११ पासून कंपनीने ही सवलत बंद केली आणि कित्येक विद्यापीठांनी गाशा गुंडाळला. २०१३ मध्ये सवलत परत आली, तोवर पाखरं उडून गेली होती. गूगलचं ‘एक्स्पिडिशन्स’ २०२१ मध्ये बंद झालं, मायक्रोसॉफ्टचं ‘ऑल्टस्पेस’ २०२३ मध्ये, मोझिलाचं ‘हब्ज’ २०२४ मध्ये. शिक्षकाने रात्री जागून वर्ग सजवावा आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर असावा, असा हा व्यवहार.

आपल्याकडे तर प्रश्न त्याच्याही आधी सुरू होतो. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भारतात संगणक होता ४.४ टक्के घरांत. फोनचं चित्र मात्र झपाट्याने बदललं : ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत शाळकरी मुलांच्या ग्रामीण घरांपैकी स्मार्टफोन असलेली घरं २०१८ मध्ये ३६.५ टक्के होती, २०२२ मध्ये ७४.८ टक्के झाली. तेव्हा आपल्या मुलांसाठी आभासी जग बांधायचंच असेल तर ते साध्या फोनवर, अडखळत्या नेटवर्कमध्ये चालायला हवं. ‘रिव्हर सिटी’चा ओबडधोबडपणा इथं उणा पडणार नाही.

शाळेत व्हीआर लॅब बसवायचा प्रस्ताव आला, तर व्यवस्थापन समितीने हेडसेट किती, हे नंतर विचारावं. पाठ संपल्यावर हेडसेट उतरवून मुलं वहीत काय लिहिणार आहेत, हे आधी विचारावं. विक्रेत्याकडे उत्तर नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.