‘माघार’ आणि तीन इंग्रजी क्रियापदे

इंग्रजीतील ‘विथड्रॉ’, ‘रिट्रीट’ व ‘रिसीड’ या तिन्ही क्रियापदांसाठी मराठीत ‘माघार घेणे’ हा एकच प्रयोग योजणे चिंत्य होय. पहिल्या दोहोंचा मूलार्थ ‘मागे ओढणे’ असाच आहे. एक देशी घटकांनी घडले, दुसरे लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आले. रूढीने मात्र त्यांत भेद पाडला.

‘विथड्रॉ’ सकर्मकही आहे. सैन्य, विधान, अर्ज, पैसा ही त्याची कर्मे होत; पराभव त्यातून अपरिहार्यपणे सूचित होत नाही. ‘रिट्रीट’ बहुधा अकर्मक असून युद्धप्रसंगी त्यात शत्रूचा वा परिस्थितीचा रेटा गृहीत असतो. १८१२ साली मॉस्कोहून परतणाऱ्या नेपोलियनच्या सैन्यासंबंधी इतिहासकार हाच शब्द योजतात. ‘रिसीड’चा मूलार्थ ‘मागे जाणे’. त्याचा कर्ता प्रायः अचेतन. पुराचे पाणी ‘ओसरते’, माघार घेत नाही.

युरोपीय संघातून बाहेर पडण्यासंबंधीच्या ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्याच्या नावात ‘विथड्रॉअल’ हे नाम आहे. तेथे ‘माघार’ लिहिल्यास मुळात नसलेला पराभवाचा ध्वनी अनुवादात शिरतो. अर्थात, शब्द निवडण्यापूर्वी कर्ता सचेतन आहे काय, कर्म आहे काय व रेटा कोणाचा, हे तीन प्रश्न अनुवादकाने विचारणे अगत्याचे आहे.