घरच्या मीटरवर गाडी : हिशेब कोणी भरायचा?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनच्या पट्ट्यात आता विजेवरच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. ‘रुपयाला किलोमीटर’ असे सर्रास बोलले जाते. वाचकहो, ऐकीव बोलण्यावर विसंबू नका, घरचे वीजबिल हाती घ्या, असे आम्ही सुचवू.

आपली स्वतःची गाडी घरच्या मीटरवर चार्ज करण्यास मुभा आहे, मात्र दर घरगुतीच लागतो आणि तो टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या १०० युनिटांना वहन आकारासह ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० पर्यंत ११ रुपये ४६ पैसे आणि ३०१ ते ५०० पर्यंत १५ रुपये ७२ पैसे असा दर होता. वर १६ टक्के वीज शुल्क. दर बदलत असतात, म्हणून ताजे बिल पाहावे. चढण मात्र तशीच राहते.

समजा, घराचा वापर महिना ९० युनिट आहे. लहान गाडी भिंतीतून घेतलेल्या एका युनिटात सात किलोमीटर जाते असे धरले, तर ९८० किलोमीटरला १४० युनिट लागतील. त्यातले दहाच युनिट स्वस्त टप्प्यात बसतात, उरलेले १३० महाग टप्प्यात जातात. गाडीपायी बिल सुमारे १,८०० रुपयांनी वाढते, म्हणजे किलोमीटरला पावणेदोन रुपयांच्या थोडे वर. लिटरला पंधरा किलोमीटर देणाऱ्या गाडीला, पेट्रोल शंभर रुपये धरले तरी, साडेसहा हजार लागतील. बचत खरी आहे, पण रुपयाची गोष्ट खरी नाही.

आमच्याकडे एका मीटरवर दोन भावांचे संसार चालतात, तिथे खरी मेख आहे. घराचे ९० युनिटांचे बिल स्थिर आकार सोडून ६१४ रुपये होते. गाडी आल्यावर एकूण २,४१० झाले आणि युनिटांप्रमाणे वाटणी केली, तर त्याच ९० युनिटांचे ९४३ रुपये होतात. ज्या वहिनीने पंखासुद्धा जपून लावला, तिच्या माथी ३२९ रुपये जादा! वाढलेला सगळा भार गाडीवाल्यानेच उचलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मोजणीसाठी छोटा सबमीटर बसवता येतो. वाहन चार्जिंगसाठी वेगळी जोडणीही मिळते. तिचा दर आणि स्थिर आकार उपविभाग कार्यालयात विचारून मगच ठरवावे.

छत स्वतःचे असेल तर २०२४ साली सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३०,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅट दिवसाला साधारण चार युनिट देतो, आषाढ-श्रावणात त्याहून बरेच कमी.

वायरिंग जुने असेल तर आधी वायरमनला बोलवा. १५ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट आणि नीट अर्थिंग हवे. एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. खाऱ्या हवेने पिना लवकर गंजतात. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळानंतर इथली अनेक गावे कित्येक आठवडे अंधारात होती. वादळाची सूचना आली की त्या रात्रीच गाडी पूर्ण चार्ज करून ठेवावी.