दहावा सापडलेला, चौथा मोठा

मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यानच्या लघुग्रहपट्ट्यात आकाराने हायजियाचा क्रमांक चौथा. त्याच्याहून मोठे तिघेच : सेरेस, व्हेस्टा आणि पलास. हे तिघेही १८०१ ते १८०७ या काळात सापडले. हायजिया मात्र खगोलज्ञांच्या नजरेस पडला तो १२ एप्रिल १८४९ रोजी, तोही दहावा म्हणून. त्याच्याहून बराच लहान असलेला जूनो १८०४ मध्येच सापडला होता. मग एवढी मोठी वस्तू इतकी वर्षे निसटली कशी? या साध्या प्रश्नाचा माग काढत गेलो, तर सूर्यमालेच्या जुन्या इतिहासापर्यंत जाऊन पोहोचतो.

हायजियाचा शोध नेपल्सच्या वेधशाळेत आनिबाले दे गास्पारिस यांनी लावला. त्यांनी शोधलेल्या नऊ लघुग्रहांपैकी हा पहिला. नेपल्सवर तेव्हा बूर्बाँ घराण्याचे राज्य होते. वेधशाळेचे संचालक एर्नेस्तो कापोच्ची यांनी आरोग्यदेवतेच्या नावाला राजघराण्याचे शेपूट जोडून ‘इजेआ बोर्बोनिका’ असे नामकरण केले. सिसिलीत सापडलेल्या सेरेसलाही असेच राजा फर्डिनांडचे नाव चिकटवले होते. दोन्ही शेपटे लवकरच गळून पडली. उरली ती ग्रीक आरोग्यदेवता, जिच्या नावातून ‘हायजीन’ हा शब्द आला.

उशिराचे कारण दुहेरी आहे. एक म्हणजे अंतर. हायजिया पट्ट्याच्या बाहेरच्या भागात, सूर्यापासून सरासरी पृथ्वीच्या ३.१४ पट अंतरावर फिरतो आणि एका प्रदक्षिणेला त्याला साडेपाच वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. दुसरे आणि महत्त्वाचे कारण म्हणजे त्याचा रंग. व्हेस्टाचा पृष्ठभाग अंगावर पडलेल्या सूर्यप्रकाशापैकी सुमारे चाळीस टक्के प्रकाश परत पाठवतो. हायजिया जेमतेम सात टक्के. म्हणूनच व्हेस्टा अनुकूल काळात नुसत्या डोळ्यांनीही दिसू शकतो, तर हायजियासाठी दुर्बिणीवाचून गत्यंतर नाही.

इथे एक अडचण उभी राहते. दुर्बिणीतून अंधूक दिसणारा ठिपका लहान पण उजळ आहे, की मोठा पण काळा, हे केवळ तेजावरून सांगता येत नाही. तोडगा उष्णतेत सापडला. काळी वस्तू प्रकाश शोषून घेते, तापते आणि ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकते. परत आलेला प्रकाश आणि बाहेर पडणारी उष्णता, दोन्ही मोजले की आकार आणि काळेपणा वेगवेगळे काढता येतात. १९८३ मध्ये अवकाशात गेलेल्या ‘आयरास’ या अवरक्त दुर्बिणीने ही पद्धत शेकडो लघुग्रहांना लावली.

हा काळेपणा येतो कार्बनयुक्त संयुगांतून आणि पाण्याशी संयोग पावलेल्या खनिजांतून. अशाच घडणीचे दगड अशनींच्या रूपाने पृथ्वीवर पडतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील मर्चिसन येथे पडलेल्या अशनीत अमिनो आम्ले सापडली. ६ जून २०१७ रोजी जयपूरजवळच्या मुकुंदपुरा गावी पडलेला दगडही याच कार्बनी जातीचा. पृथ्वीवरचे पाणी आणि जीवसृष्टीचा कच्चा माल यांचा काही वाटा अशा काळ्या दगडांनी आणला असावा, या विचाराला त्यांतून बळ मिळते.

हायजियाची सर्वांत रोचक कथा मात्र २०१९ मध्ये पुढे आली. त्याच्या मागेपुढे मिळत्याजुळत्या कक्षांमध्ये सुमारे सात हजार लहान लघुग्रहांचे एक कुटुंब फिरते. ही सारी एकाच टकरीतून उडालेली अपत्ये. व्हेस्टाचेही असे कुटुंब आहे आणि व्हेस्टाच्या अंगावर त्या आघाताचे प्रचंड विवर स्पष्ट दिसते. तसाच मोठा व्रण हायजियावरही असणार, अशी अपेक्षा होती. चिलीतील ‘व्हेरी लार्ज टेलिस्कोप’ने त्याच्या जवळजवळ सगळ्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेतली, तेव्हा मोठे विवर सापडलेच नाही. दिसला तो सुमारे ४३० किलोमीटर व्यासाचा, जवळपास सेरेसइतकाच गोल गोळा.

याच निरीक्षणांनी आणखी एक समजूत मोडली. लांबट वस्तू स्वतःभोवती एकदा फिरताना दोनदा उजळते. हायजियाही लांबट आहे असे धरून त्याच्या एका फेरीचा काळ २७.६ तास मानला जात होता. तो गोल ठरल्यावर हा काळ निम्म्यावर, म्हणजे १३.८ तासांवर आला.

मग व्रण गेला कुठे? संगणकीय प्रतिरूपांतून निघालेले उत्तर असे : सुमारे दोन अब्ज वर्षांपूर्वी ७५ ते १५० किलोमीटर व्यासाची एक वस्तू मूळ पिंडावर जवळजवळ समोरासमोर आदळली. पिंडाचा पार चुरा झाला. थोडे तुकडे दूर उडाले, बाकीचे गुरुत्वाकर्षणाने पुन्हा एकत्र आले. हा ढिगारा काही काळ द्रवासारखा वाहता होता, म्हणून तो गोलाकार स्थिरावला. ज्यावर व्रण राहायचा, ते अंगच मोडून पुन्हा घडले होते.

इथे एक पेच निर्माण होतो. २००६ च्या व्याख्येनुसार बटुग्रहाला स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल आकार आलेला असावा लागतो. हायजियाला ही अट लागू पडली, तर तो सर्वांत लहान बटुग्रह ठरेल. अजून तशी अधिकृत मान्यता नाही. पण त्याची गोलाई जन्मजात नाही, अपघातोत्तर आहे. गोल आकार म्हणजे शांतपणे घडलेली, अभंग राहिलेली वस्तू, असे आपण सहज गृहीत धरतो. हायजियापुरते ते गृहीतक उलटे ठरले : त्याचा सुबक आकार हीच तो एकदा पूर्ण मोडल्याची खूण आहे. डॉन यानाने व्हेस्टा आणि सेरेसला जवळून पाहिले. हायजियापाशी अजून कोणतेही यान गेलेले नाही. जेव्हा जाईल, तेव्हा आधी पाहावे लागेल ते हेच, की या काळ्या गोळ्याच्या आत अखंड खडक आहे की जमून बसलेला चुरा.