आमच्या वाचनालयाचा आठवडा



"आम्ही पुस्तके पाठवतो, पण मुले त्यांचे नेमके काय करतात?" असे मंडळ्यांमधून पुष्कळदा विचारले जाते. नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव तालुक्यात ज्या प्राथमिक शाळेत मी काम करते, तिथला क्रम सांगते.

प्रत्येक शाळेत वाचनालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींची पुस्तके असावीत, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. पण पुस्तके फाटतील या भीतीने कपाटाला कुलूप राहिले, तर वाचनालय कागदावरच राहते. आम्ही पुस्तके दोरीवर टांगतो. अक्षरओळख नसलेले मूलही चित्र पाहून आपले पुस्तक निवडते.

सोमवारी पुस्तके परत येतात. नोंदवही चौथीच्या मुली ठेवतात. फाटलेली पुस्तके वेगळी काढून मुलेच खळ लावून चिकटवतात. दंड नाही, कारण दंडाची भीती बसली की मूल पुस्तक घरी नेतच नाही.

मंगळवारी व बुधवारी मोठ्याने वाचन होते. इथल्या मुलांची घरची भाषा पावरी. मराठी त्यांना शाळेतच भेटते. म्हणून गावातली एक ताई आधी चित्रे दाखवत गोष्ट पावरीत सांगते, मग गुरुजी तीच मराठीत वाचतात. गोष्ट कळलेली असल्यामुळे मूल नव्या शब्दाला घाबरत नाही. पेंटेकॉस्टच्या दिवशी देवाची महत्कृत्ये प्रत्येकाने आपापल्या भाषेत ऐकली (प्रे. कृ. २), हे मला इथे नेहमी आठवते.

गुरुवारी एखादे आजोबा किंवा आजी येऊन जुनी गोष्ट सांगतात. मोठी मुले ती देवनागरीत लिहितात, लहान मुले चित्रे काढतात, आणि सुतळीने शिवलेले ते पुस्तकही दोरीवर जाते. सर्वांत जास्त मागणी त्यालाच असते. शुक्रवारी मुले पुस्तके घरी नेतात. ज्या घरात कोणी वाचणारे नाही, तिथे मूलच वाचून दाखवते.

खरी कसोटी दिवाळीनंतर लागते. पुष्कळ कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात व मुलेही बरोबर जातात. नुकतेच वाचू लागलेले मूल काही महिने अक्षरांपासून दूर राहिले, की परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणून जाणाऱ्या प्रत्येक मुलाला आम्ही दोन पुस्तके देतो. काही परत येत नाहीत. नोंदवहीत त्यांच्यापुढे 'हरवले' असे न लिहिता 'प्रवासात' असे लिहितो. पुस्तक हरवलेले परवडते, वाचन हरवलेले परवडत नाही.

आपण काय पाठवावे? जुनी पाठ्यपुस्तके किंवा मोठ्यांची मासिके कृपया नकोत. मोठी अक्षरे, पानावर दोन-तीन ओळी आणि भरपूर चित्रे असलेली पुस्तके हवीत. प्रथम बुक्सच्या पुस्तकांवर वाचनाचा स्तर छापलेला असतो. त्यातील १ व २ स्तरांची पुस्तके आम्हाला सर्वाधिक लागतात. त्यांच्याच 'स्टोरीवीव्हर'वर २०१५ पासून गोष्टी मोफत मिळतात व भाषांतराचीही मुभा आहे. त्यातल्या गोष्टी पावरीत करून छापण्यासाठी कागद व शाई दिलीत, तरी मोठी मदत होईल.

ऊसतोडीला गेलेली मुले होळीपर्यंत सुखरूप परत यावीत आणि त्यांचे वाचन टिकून राहावे, यासाठी प्रार्थना करा.

प्रभूच्या सेवेत आपली बहीण