एम. बी. ए. : पुण्याला की घराजवळ?

पदवी परीक्षेचे निकाल लागले की सातारा-सांगलीकडील नोकरदार आणि बागायतदार घरांतून एकच चर्चा सुरू होते. एम. बी. ए. करायचे, पण कुठे? बहुतेक घरांत उत्तर चर्चेआधीच ठरलेले असते, आणि ते म्हणजे पुणे. पुण्याचा पत्ता हीच जणू एक पात्रता, असा समज इकडे रुजला आहे. आणि त्या समजापायी उसाचे बिल, आईचे दागिने आणि बँकेचे कर्ज ही तिन्ही पणाला लागतात. या समजाची एकदा परीक्षा झाली पाहिजे.

अहमदाबाद व कलकत्ता येथे १९६१ साली निघालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्था किंवा मुंबईची १९६५ सालची जमनालाल बजाज संस्था, अशा ठिकाणी प्रवेश मिळत असेल, तर कर्ज काढूनही जावे, हे निःसंदिग्धपणे मान्य केले पाहिजे. तेथे लाभणारे सहाध्यायी हीच निम्मी शिदोरी असते. प्रश्न त्यांचा नाहीच. प्रश्न आहे तो सामाईक प्रवेश परीक्षेत मधल्या फळीत येणाऱ्या मुलामुलींचा. त्यांच्या वाट्याला पुण्यात पुष्कळदा येते ती महामार्गालगतच्या काचेच्या इमारतीतील, नावाने भारदस्त आणि कामाने यथातथा अशी एखादी संस्था. दोन वर्षांनी विम्याच्या पॉलिसी विकण्याचीच नोकरी हाती येणार असेल, तर त्यासाठी खोलीचे भाडे आणि खानावळीचा खर्च सोसून एवढे दूर जाण्याचे प्रयोजन काय?

जवळ काहीच नाही, असेही नाही. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेची कर्मवीरांच्या नावाची व्यवस्थापन संस्था आहे, सांगलीत भारती विद्यापीठाची आहे, आणि शेजारच्या कोल्हापुरात १९७६ पासूनची 'सायबर' आहे. खर्चाचा हिशेब मात्र नीट समजून घ्यावा. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्या घरांना राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीतून निम्मे शिक्षण शुल्क मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्गीय मुलींना ते पूर्ण मिळू लागले. परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागेला, तसेच खासगी अभिमत विद्यापीठांना हा लाभ नाही. भारती विद्यापीठ १९९६ पासून अभिमत आहे. म्हणजे एकाच सांगली शहरातल्या दोन संस्थांत एकाच घराला पडणारा भार अगदी निराळा असू शकतो. माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर हे ठळकपणे छापलेले सहसा आढळत नाही.

पण खरा मुद्दा शुल्काचा नव्हे, शिकण्याचा आहे. व्यवस्थापन शिकण्यासाठी या दोन जिल्ह्यांइतकी समृद्ध प्रयोगशाळा क्वचितच सापडेल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावयाचे असतात. साखर मात्र वर्षभर थोडीथोडी विकली जाते. मधल्या काळात साखर तारण ठेवून पैसा उभा करणे, त्याचे व्याज सोसणे आणि पुढच्या हंगामाची तयारीही करणे, ही खेळत्या भांडवलाची केवढी कठीण कसोटी आहे! सांगलीचा वसंतदादा कारखाना चालविण्यासाठी खासगी कंपनीकडे सोपवावा लागला. तो का, याचा शोध घेणारा विद्यार्थी परदेशी कंपन्यांची दहा उदाहरणे पाठ करणाऱ्याहून अधिक शिकेल. हरिपूर-सांगलवाडीची हळदीची पेवे २००५ च्या महापुरात बुडाली. साठवण, विमा आणि तारण या तिन्ही विषयांचा पाठ तेथे जमिनीखाली पडून आहे. तासगावचा बेदाणा, भिलवडीचे चितळे, १९१० पासूनची किर्लोस्करवाडी, यांची नुसती नावे घेतली तरी पुरे.

मग आमच्या स्थानिक संस्था या प्रयोगशाळेचा उपयोग करतात काय? दुर्दैवाने पुरेसा नाही. उन्हाळी प्रकल्प म्हणजे जुन्या अहवालावर नवे नाव घालून झेरॉक्सच्या दुकानात बांधून घेतलेले बाड, अशी अवस्था अनेक ठिकाणी दिसते. तासिका तत्त्वावर येणारा शिक्षक पुढल्या वर्षी असेल की नाही, हे त्याचे त्यालाच ठाऊक नसते. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले येथे रयतची स्थापना केली आणि पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात आणले, ते केवळ पदव्या वाटण्यासाठी खास नव्हे. पालक पुण्याकडे धावतात, यात या संस्थांचाही दोष आहे.

जवळच्या संस्थेचा आग्रह मुलींच्या बाबतीत मात्र निराळ्याच कारणाने धरला जातो. मुलगा पुण्याला, मुलगी गावात. तिचे गुण अधिक असले तरीही. घराजवळच्या शिक्षणाची ही बाजू आम्हांला मान्य नाही. निकष दोघांना एकच असावा.

तो निकष लावायचा, तर विकल्प भरण्यापूर्वी पालकांनी एखाद्या कामाच्या दिवशी आगाऊ न कळवता त्या संस्थेत जावे. कायम शिक्षक किती, ग्रंथालय संध्याकाळी उघडे असते काय, गेल्या वर्षीचे प्रकल्प कोणत्या कारखान्यात झाले, हे विचारावे. भिंतीवरील हसऱ्या छायाचित्रांतील मुले आज कुठे आणि किती पगारावर आहेत, हे मात्र कार्यालयात न विचारता बाहेर चहाच्या टपरीवर उभ्या असलेल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारावे.